बुळबुळीत खडे

मळ दिसला की माझ्या नणंदेचे हात शिवशिवतात. लाँड्री त्यांनी त्याच जोरावर उभी केली. त्यांनी धुतलेल्या चादरीपुढे ऊनसुद्धा कळकट दिसतं. चादरीचा मळ जायचा तो मागच्या दाराने, शेजारच्या रोपवाटिकेतल्या चरात. तिथली रोपं माना टाकू लागली, तेव्हा रोपवाटिकेचे मालक दारात येऊन उभे राहिले.

"चर बुजवतोय. तुमचं फेसाचं पाणी आता डोक्यावर घेऊन फिरा."

चर बुजला की लाँड्रीला टाळं.

मी छोट्या धंदेवाल्यांना हेच सांगत फिरते, की निसर्गाकडून जे घेता ते बरं करून परत द्या. शिकले कुठे विचाराल, तर निम्मं पुस्तकांतून, निम्मं चुकांतून. मालकांकडे मी तीन महिने मागितले. साबण बदलला. मागे टाकी बांधून ती खडीने भरली, वर लव्हाळा लावला.

"वन्सं, खड्यांवर बुळबुळीत थर धरेल. त्यात बारीक जीव असतात. ते साबण खातात."

"पगार?"

"शून्य."

"मग राहू देत मेले!"

मालकांशी ठरलेली परीक्षा सोपी होती. टाकीतून निघालेल्या पाण्यात भिजवलेल्या फडक्यावर मुळ्याच्या वीस बिया ठेवायच्या. पंधरा उगवल्या तर चर राहील.

आदल्या दिवशी मी गेले तर खडे चादरीवर वाळत घातलेले. एकेक घासून लख्ख!

"अगं, उद्या माणसं येणार. ती घाण काय दाखवायची?"

"वन्सं, तुम्ही सगळे कामगार घासून काढलेत!"

त्या मटकन पायरीवर बसल्या. ब्रश हातातच. मग बारीक आवाजात म्हणाल्या, "तळाचे राहिलेत. पाठ धरली ना."

त्या पाठीचे मी मनोमन पाय धरले.

मालकांना त्यांनी स्वतःच सांगितलं. मालक पोट धरून हसले. "बाई, मी धंद्यात नवा होतो तेव्हा गांडुळं वेचून भिंतीपलीकडे फेकली होती. किडे समजून! घ्या अजून महिना."

तळाचे खडे वरच्यांत मिसळले. महिनाभर वन्सं टाकीपाशी हात पाठीमागे बांधून उभ्या राहत. एकदा त्यांनी लव्हाळ्याचं पान पुसलं, मी नुसतं पाहिलं, तर म्हणाल्या, "धूळ होती गं, जीव नव्हते."

बिया सतरा उगवल्या. मालकांनी तीनदा मोजल्या, वन्संनी सात वेळा. "आता हे पाणी माझ्या रोपांना," मालक म्हणाले, "चर उलट रुंदच करतो."

परवा टाकीच्या काठावर एक बेडूक येऊन बसला, चिखलाने माखलेला. वन्संचा हात फडक्याकडे गेला, थांबला.

"बसा," त्या म्हणाल्या. "पुढच्या वेळी तेवढे पाय पुसून या."