त्रेपन्न भोपळे

दुर्बीणताई पक्षीमित्र मंडळाचा जिना चढली तेव्हा तिसरी पायरी घाबरून दुसरीवर जाऊन बसली, असं मंडळाचा शिपाई शपथेवर सांगतो. शिपाई थोडं वाढवून सांगतो. पण खालच्या शिंप्याने तिचा आवाज ऐकून मशीन थांबवलं, एवढं मात्र खरं.

"कुठाय तो?"

तो म्हणजे तिचा सख्खा धाकटा भाऊ. मंडळासाठी सभासद आणि मदत गोळा करणं हे त्याचं काम. जिभेवर एवढी साखर, की दगडालाही सभासद करून घेईल आणि वर त्याच्याकडून दुसऱ्या दगडाचा पत्ता मागेल.

ताईचं काम बरोबर उलटं. तोंड मिटून बसायचं. एकोणीस वर्षं दर हंगामात नव्वद सकाळी ती गावाबाहेरच्या दलदलीत गवताच्या आडोशामागे बसून वटवट्या मोजत आली होती. पक्षी मातकट, अंगठ्याएवढा. त्याच्या आईलाही दोनदा बघावं लागत असेल. ताई इतकी निश्चल बसायची की एकदा एक बगळा खुंट समजून तिच्या डोक्यावर उभा राहिला. तिने मान न हलवता त्याचीही नोंद केली म्हणे.

रोजचे दोन तास, रोजची एक ओळ. किती दिसले तो आकडा, वेळ, वारा. एकही दिसला नाही तर भोपळा लिहायचा. ओळ कधी सोडायची नाही.

"ताई, बस ना. चहा सांगू?"

"चहा घाल चुलीत! हा अहवाल कुणी केला?"

"मीच. यंदा म्हटलं तुझी दगदग वाचवावी. छान झालाय ना? आलेख बघ, कसा वर चढलाय!"

"गेल्या वर्षी दर सकाळी सरासरी दोन पक्षी होते. यंदा तू तीन लिहिलेस. कुठून आणलास तिसरा? अंडं घातलंस?"

"तुझ्याच वहीतून! सदतीस सकाळी, एकशे अकरा पक्षी. कर भागाकार."

"सदतीस? नव्वद सकाळी बसले होते मी!"

"अगं, बाकीच्या त्रेपन्न ओळींत काहीच नव्हतं. नुसते भोपळे. लोकांना भोपळे दाखवले तर कोण मदत करणार? म्हणून काढले."

शिपाई सांगतो, हे ऐकून भिंतीवरचं घड्याळही टिकटिक करायचं विसरलं.

"शहाण्या," ती म्हणाली, "ते भोपळे म्हणजेच बातमी होती. पक्षी आले नाहीत, हे मी त्रेपन्न सकाळी चिखलात बसून बघितलंय. नव्वदने भाग. जेमतेम सव्वा येतो. पक्षी संपत चाललेत आणि तू बारसं करून मोकळा झालास!"

"पण चांगली बातमी असली की माणसं जोडली जातात गं."

"जोडली? हे वाच."

तिने नगरपालिकेचं पत्र टेबलावर आपटलं. पक्षी दीडपट वाढल्याचे मंडळाच्याच अहवालावरून दिसते, सबब दलदल बुजवून वाहनतळ करण्यास अडचण नाही. हरकत असल्यास सोमवारपर्यंत सह्यांनिशी कळवावी. पत्राखाली सभासदांनी पाठवलेली बारा पोस्टकार्डं होती. 'अभिनंदन! वटवट्या वाचला. आता आम्ही कासवांकडे वळतो.'

भावाच्या जिभेवरची साखर विरघळून गेली.

"आता चूक कबूल केली तर मंडळाचं हसं होईल, ताई. उद्या सभासदांचा मेळावा आहे. तू फक्त दोन गोड शब्द बोल. पुढचं मी हळूहळू सावरतो."

"सोमवारपर्यंत हळूहळू?"

मेळाव्याला सभागृह भरलं होतं. भावाने माइक हातात देताना कानात सांगितलं, "गोड हं, ताई." ताईने चष्मा लावला आणि वही उघडली.

"पहिली सकाळ. सहा ते आठ. वारा पडलेला. चार. दुसरी सकाळ. वारा उत्तरेचा. भोपळा. तिसरी. धुकं. भोपळा."

लोक हसले. पंधराव्या सकाळपर्यंत हसू कसनुसं झालं. तिसाव्याला अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं. ताईने अध्यक्षबाईंना पाहिलं. घड्याळ बाहीत गेलं. साठाव्या सकाळनंतर तर सलग अकरा भोपळे आले. प्रत्येकाला वेळ होती, वारा होता. त्या अकरा ओळी वाचताना सभागृहात खुर्चीसुद्धा करकरली नाही.

नव्वदावी ओळ वाचून तिने वही मिटली.

"या अहवालात यातल्या त्रेपन्न सकाळी नाहीत. पक्षी वाढलेले नाहीत. दलदल बुजली तर पुढच्या वर्षी नव्वदच्या नव्वद ओळी मला न जाताच लिहिता येतील."

मागून कुणीतरी विचारलं, "मग आम्हाला वाढले म्हणून कुणी सांगितलं?"

ताईने भावाकडे बोट दाखवलं नाही. नुसती वाट बघत उभी राहिली. ते तिला चांगलं जमायचं. शेवटी भाऊ उठला. कान लाल, आवाज उंदराचा. "मी. मला वाटलं, तुम्हाला वाईट आकडे सोसणार नाहीत."

"आम्हाला काय कुक्कुलं बाळ समजता?" पहिल्या रांगेतल्या दाताच्या डॉक्टरीणबाई कडाडल्या. "मी रोज लोकांना किडलेले दात आरशात दाखवते! मला खोटं सांगून कासवांकडे पाठवलंत?"

एकच गलका झाला. मग कुणीतरी टाळ्या सुरू केल्या आणि बघता बघता सगळं सभागृह ताईसाठी टाळ्या वाजवायला लागलं.

"टाळ्या कसल्या वाजवता?" ताई गरजली. "सोमवारी हरकत द्यायचीय. सह्या करा!"

रांग लागली. भावाने खाली मान घालून कागद पुढे सरकवायचं काम केलं. दोनशे बारा सह्या झाल्या तेव्हा तो हळूच म्हणाला, "ताई, अडीचशे होतील बघ. न आलेल्यांना फोनवर विचारून त्यांच्या सह्या मीच..."

ताईने फक्त बघितलं. तो वाक्य गिळून बसला.

मग तिने चष्मा पुसून यादी वरपासून तपासली. डॉक्टरीणबाईंनी रागाच्या भरात दोनदा सही ठोकली होती. ताईने त्यातली एक खोडली आणि खाली आकडा लिहिला : दोनशे अकरा.