मसुराएवढी मी

मी एक जुनी चकती आहे. मसुराच्या दाण्याएवढी, एका बाजूने फुगीर आणि दुसऱ्या बाजूने आता घासलेली. मित्रांनो, मला नुसता खडा समजू नका. एके काळी मी एका एकपेशीय जिवाचं घर होते. तो उथळ, कोमट समुद्राच्या तळाशी राहायचा. त्याला ना हात होते ना डोळे, तरी त्याने चुन्याची एक खोली बांधली, तिला लागून दुसरी, आणि अशा खोल्यांच्या वेटोळ्यातून मी घडले. जीव गेला, घर उरलं. वर गाळ साचला, गाळाचा खडक झाला. समुद्र तर कधीच निघून गेला.

पुष्कळ काळाने एका भूवैज्ञानिकाने तो खडक फोडला. त्यातून नाण्याएवढ्या मोठ्या चकत्याही निघाल्या. त्यांना त्याने आधीच नाव दिलं होतं. मी लहान, म्हणून माझी प्रजाती वेगळी ठरली. त्याच सुमारास त्याला मुलगी झाली. तिचंच नाव त्याने मला दिलं. केवढं कौतुक झालं माझं! डबीत घालून तो मला घरी घेऊन गेला. पाहुणे भिंगातून बघायचे आणि म्हणायचे, "दोघींत हीच गुणाची, रडत नाही!"

पुढे तो निवृत्त झाला. माझी डबी एका खणात गेली आणि तो खण कुणी उघडेना.

उघडला तो त्या मुलीनेच. तीही बापाच्याच वाटेने गेली होती. तिच्या लक्षात आलं, की ज्या खडकात मोठ्या चकत्या, त्यात आम्ही लहानही असतोच. तिने मला काचेवर घासून निम्मी केली. आतली माझी पहिली खोली चांगली मोठी. तशीच घासलेल्या मोठ्या चकतीची पहिली खोली मात्र दिसेल न दिसेल इतकी लहान. पण पुढचे सगळे वळसे, भिंतींचा बाक, अगदी सारखे. आम्ही दोन प्रजाती नव्हतोच. एकाच प्रजातीच्या आलटून पालटून येणाऱ्या दोन पिढ्या होतो.

आणि नियम असा, की एका प्रजातीला दोन नावं पडली, तर आधी दिलेलं नाव राहतं. म्हणजे माझं नाव जाणार. तिचंही.

तिचा लेख लिहून तयार होता, पण पाठवायला हात धजेना. शेवटी ती वडिलांना प्रयोगशाळेत घेऊन आली.

"बाबा, बघा ना जरा."

ते सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ बसले. "अगं, ही तर मोठीच्याच घरातली!"

"हो."

"कधी कळलं तुला?"

"उन्हाळ्यात."

"आणि तोंड शिवून बसलीस?"

"तुम्ही मला दिलेली पहिली भेट आहे ती. तीच खोडू?"

"पहिली भेट कसली! पहिलं मी तुला दुपट्यात गुंडाळलं, तेही उलटं. तुझी आई अजून ऐकवते." मग ते हळूच म्हणाले, "किती वर्षं परक्या घरात ठेवलं गं मी हिला. ब्रश दे."

ओल्या ब्रशच्या टोकाने त्यांनी मला उचललं. पण मी निसटून टेबलावर पडले. ती पुढे झाली.

"थांब. मीच ठेवतो."

दुसऱ्या खेपेला मी मोठ्या चकत्यांच्या शेजारी पोचले.

"जा बाई," ते म्हणाले, "आपल्या माणसांत जा."

त्याच दिवशी तिने लेख पाठवला.

माझ्या डबीतली नावाची जुनी चिठ्ठी तिने फेकली नाही. नावावर वाचता येईल अशी एक रेघ ओढली आणि खाली बरोबर नाव लिहिलं. मी कुठल्या डोंगरातली, कुठल्या थरातली, हे तिच्यावर वडिलांच्या अक्षरात अजून आहे. मित्रांनो, एखादा दगड उचललात, तर तो कुठून उचलला हे लिहून त्याच्याजवळ ठेवा. आमची माणसं आम्हाला त्यावरूनच सापडतात.