पासवाल्यांचा युरोप

माझं डोकं तापलं की मी भांडी घासते. त्या रविवारी पातेल्याचा तळ निघायचाच बाकी राहिला होता. कारण सांगते, मग तुमीच ठरवा माझा राग खोटा होता का.

बोईसरला एमआयडीसीच्या रस्त्याला माझी खानावळ हाय. वीस-बावीस वर्षं झाली. गाळ्याला एक शटर, एक एक्झॉस्ट फॅन, खिडकी नाय. कारखान्यातली पोरं "भाभी, थोड़ा चावल" करत येतात, जेवतात, जातात, आणि मी भिंतीकडे तोंड करून चपात्या लाटते. राहायला आमी सफाळ्याला. आमचे हे, पंढरी, तारापूरच्या एका कंपनीत फिटर. सफाळे-बोईसर गाडीने जन्म गेला त्यांचा. खिशात कायम पास.

बहिणीची मुलगी तेजल एकदा गाळ्यावर आली आणि तिने मोबाइलवर मला एक गाडी दाखवली. स्वित्झर्लंडातल्या डोंगरांवरून जाणारी लाल गाडी. खाली दरी, वर बर्फ, आणि एक बाई खिडकीची काच खाली ओढून बाहेर बघत बसलेली. तिच्या मांडीवर पिशवी नाय, डबा नाय, तिला कोणी हाक मारत नाय. गाडीपेक्षा मला त्या बाईची जागा हवीशी वाटली. तसं मी बोलून पण दाखवलं.

तेजल म्हणाली, "मावशी, टूरवाल्यांकडे गेलीस तर परवडणार नाही. आपलं आपण करू. तिकडे रेल्वेचा पास मिळतो, एका पासावर सगळे देश."

मग आमी दोघी लागलोच. दुपारची गर्दी ओसरली की टेबल पुसायचं आणि बसायचं. पॅरिसला उतरायचं, तिथून स्वित्झर्लंड, मग लाल गाडीने इटली, शेवटी ऑस्ट्रिया. राहायचं स्टेशनजवळच्या हॉस्टेलात, कारण तिथे स्वयंपाकघर असतं, ह्यांच्या-माझ्यापुरता भात टाकला की बाहेर खायला नको. लाल गाडीची तर गंमतच. मोठ्या काचांचे महागडे डबे असतात, त्यांना वरून पैसे. आणि त्याच रुळांवरून साधी लाल गाडी पण जाते, ती पासात येते. वर साध्या गाडीची खिडकी उघडते, महागडीची नाय. हे कळलं तेव्हा मी तेजलला जास्तीची भजी वाढली.

फक्त पॅरिसहून सुटणारी वेगाची गाडी वाकडी. पास असला तरी तिच्यात सीट आधी घ्यावीच लागते, आणि पासवाल्यांना सीटा मोजक्याच. तेजलने ह्यांना बजावून सांगितलं, "काका, बुकिंग उघडलं की दोन सीटा घ्या. एवढंच काम तुमच्याकडे."

खरंच एवढंच काम होतं.

त्या रविवारी हे घरी आले ते मनीष आणि रूपेशला घेऊन. दोघे ह्यांच्या पासवाल्या ग्रूपातले, रोज एका डब्यात. हातात पेढे. मी चहा टाकला.

"वहिनी, आमचं पण पक्कं झालं," मनीष म्हणाला. "व्हिसा आला."

"कसला व्हिसा?"

"युरोपचा. पंढरीने तुमचा प्लॅन पाठवला ना आमाला. झकास केलाय. आमी नुसती नावं बदलली."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे पेढ्याच्या खोक्याचा दोरा सोडवत होते. दोरा काय सुटत नव्हता.

"आणि तुमी असल्यावर जेवणाची चिंता नाय," रूपेश म्हणाला. "तांदूळ, डाळ, मसाला आमी वाटून नेतो. हॉस्टेलात गॅस हायच. वहिनींच्या हातची आमटी युरोपात, अजून काय पायजे माणसाला."

"तुमच्या बायका येतायत?"

"त्यांना कुठं जमतंय. घर कोण बघणार."

चहा उतू गेला. जाऊ दिला. घरी आलेल्या माणसाला बोलायचं नाय असं आईने शिकवलंय, म्हणून उरला तेवढा कपात ओतून दिला. ते गेल्यावर ह्यांना विचारलं, "सीटा घेतल्या?"

"घेतल्या. तीनच उरल्या होत्या. तिन्ही घेतल्या."

"कुणाच्या नावावर?"

"मनीष, रूपेश आणि मी."

"आणि मी?"

"अगं, तुझ्याकडे पास हाय ना. पासवाल्याला चढायला कोण अडवतंय? तू चढ, माझ्या सीटवर बस. अर्ध्या वाटेत आपण बदलू."

हे डोकं कुठून आलं ते सांगते. ह्यांच्या ग्रूपात नियम हाय. ज्याला सफाळ्याला जागा मिळाली तो अर्ध्या वाटेवर पालघर आलं की उठतो आणि उभ्याला बसवतो. कुणी सांगावं लागत नाय. चांगला नियम हाय, मी नावं ठेवत नाय. गुडघा सुजला होता तेव्हा पण हा माणूस पालघरला उठत होता. त्याच भरवशावर ह्यांनी पॅरिसची गाडी धरली.

मी तिथल्या तिथे तेजलला फोन लावला आणि मोठ्या आवाजावर ठेवला.

"काका, त्या गाडीत सीट नसलेल्याला चढूच देत नाहीत," ती म्हणाली. "मावशी प्लॅटफॉर्मवरच राहील."

ह्यांचं तोंड उतरलं. खाली बघत म्हणाले, "आता त्यांना कसं सांगू, सीट सोडा म्हणून? इतक्या वर्षांची माणसं हायत."

"आणि मी काय काल आले?"

मी भांडी घेऊन बसले. सीट गेली म्हणून मी चिडले असं ह्यांना वाटलं. सीट गेली चुलीत. मी एक खिडकी मागितली होती, आणि ह्यांनी माझी अख्खी खानावळ उचलून बर्फात नेऊन ठेवली, गिऱ्हाइकांसकट. ते पण मला न विचारता, पेढे वाटून.

दुसऱ्या दिवशी तेजल गाळ्यावर आली. तिने रात्रीत शोधून काढलं होतं. पॅरिसहून साध्या गाड्या पण निघतात. अख्खा दिवस जाईल, गाडी बदलावी लागेल, पण सीट घ्यावी लागत नाय. पास दाखवायचा आणि बसायचं.

"एकटीने?"

"एकटीने."

पुसलेलं टेबल मी परत पुसलं. म्हटलं, "मला इंग्रजी पण धड येत नाय गं."

"बिहारी, ओडिया, तमिळ, सगळ्यांना जेवू घातलंस इथे. त्यातली कुठली भाषा येत होती तुला?"

रात्री ह्यांना वाढलं आणि सांगून टाकलं. "तुमी तिघे वेगाच्या गाडीने पुढे जा. मी साध्या गाड्यांनी मागून येते. एकटी."

ह्यांचा घास हातातच राहिला. मला वाटलं, आता विचारतील, एकटी कशी येशील, चुकलीस तर काय. देवाशपथ, मी वाट बघत होते. तेवढं विचारलं असतं तरी मी विरघळले असते.

"म्हणजे त्या रात्री आमच्या जेवणाचं काय?" ह्यांनी विचारलं.

त्या रात्री मी भांडी घासली नाय. तशीच मोरीत टाकली.

"त्या रात्रीचंच नाय, कुठल्याच दिवसाचं मी बघणार नाय," मी म्हटलं. "हॉस्टेलात गॅस हाय, तुमाला हात हायत. मी माझ्यापुरतं रांधीन."

ह्यांनी ताट तसंच सारलं. सकाळी सफाळ्याच्या फलाटावर माझ्याशेजारी उभे राहिले. गाडी लांबून दिसायला लागली तेव्हा हळूच म्हणाले, "लाल गाडीत तरी एकत्र ना? मला उशीर झाला तर रुमाल टाकून ठेवशील?"

"टाकीन," मी म्हटलं. "समोरच्या जागेवर. खिडकी माझी. आणि त्या गाडीला मध्ये पालघर लागत नाय, एवढं लक्षात ठेवा."