कौसाबाईंचा फ्रिज आणि जयदेवचा गुडघा

मी एक जुना फ्रिज आहे, मित्रांनो. माझं दार नीट लागत नाही, मोटर धापा टाकते, आणि जरा आवाज केला की लोक माझ्यावरच वैतागतात. माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, आठवत नाही. उल्हासनगरच्या बाजारात एका शेठने मला नवा रंग फासला आणि अंबरनाथ पश्चिमेच्या चाळीत कौसाबाईंच्या गळ्यात मारला. अख्ख्या चाळीत मी एकटाच फ्रिज! ज्याचं त्याचं उरलंसुरलं दूध माझ्या पोटात. नाही म्हणणं कौसाबाईंच्या स्वभावातच नव्हतं.

शेजारच्या सखूबाईंच्या मुलाला, जयदेवला, हिमोफिलिया. म्हणजे रक्त वाहू लागलं की लवकर थांबायचं नाही. सांध्यांत आतल्या आत रक्त साचून त्याचे गुडघे तिशीतच कामातून गेले. उजवा तर वाकला तो वाकलेलाच. धक्का लागेल म्हणून बिचारा चार माणसांत बसायचाही नाही. मग मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, गुडघा बदलता येईल. पण रक्त थांबवणारं फॅक्टर नावाचं औषध भरपूर हाताशी हवं. एका संस्थेकडून ते थोडं थोडं मिळत गेलं. गार ठेवायचं म्हणून माझा मधला कप्पा त्यासाठी रिकामा झाला. खरं सांगतो, एवढा मान मला कधी मिळाला नव्हता.

ऑपरेशन आठवड्यावर आलं आणि मध्येच बुद्ध पौर्णिमा आली. खिरीचं दूध घेऊन सगळी चाळ दारात. जागा करायला कौसाबाईंनी औषधाची खोकी उचलून बर्फाच्या कप्प्यात ठेवली. जितकं गार तितकं चांगलं, असा त्यांचा भाबडा समज. सकाळी बघतात तर बाटल्या तडकलेल्या. गोठलेलं औषध चालणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि ऑपरेशन रद्द झालं.

सखूबाई ओट्याला धरून खालीच बसल्या. मग तडकलेल्या बाटल्या एकेक करून पदरात गोळा केल्या. त्यापेक्षा कडाकडा भांडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या दिवसापासून कौसाबाईंनी कुणाचं दूध घेतलं नाही. मी रिकाम्या पोटी घुरघुरत राहिलो. जीव नुसता विटून गेला.

औषध पुन्हा जमायला दोन पावसाळे गेले. या वेळी ते इस्पितळातच ठेवलं. ऑपरेशन पार पडलं, आणि काही महिन्यांनी जयदेव आमच्या दारात उभा राहिला. काठी होती, पण पाय सरळ होता. कौसाबाईंना मान वर करवेना. त्याने त्यांचा हात धरून आपल्या गुडघ्यावर ठेवला. ज्या गुडघ्याला तो कुणाचं बोट लागू देत नव्हता, त्यावर!

"मावशी, हा आता दुखत नाही," तो म्हणाला. "डावा राहिलाय. त्याचं औषध तुमच्याकडेच ठेवायचं."

कौसाबाई पदर तोंडाला लावून रडल्या. मग उठल्या आणि माझा मधला कप्पा पुसायला लागल्या.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू जपायची तर मनाने काही ठरवू नका, आधी विचारा. आणि कुणी चुकलंच, तर त्याच्या हाती पुन्हा काही द्यायला कचरू नका. मी फार थकलोय. पण डावा गुडघा होईपर्यंत मला भंगारात देऊ नका.