डावा खांदा

"हात खाली सोड. नाही गो, एवढे ताठ नको. आपण बसस्टॉपवर उभे राहतो ना, तसे."

आर्याने ओठांत धरलेली शेवटची टाचणी कोटाच्या खालच्या कडेला लावली आणि मागे सरून आईकडे पाहिलं. लीला पुढच्या खोलीच्या मधोमध उभी होती. साडीवरून निळ्या लोकरीचा, पोटरीपर्यंत येणारा कोट. बाहेर मे महिन्यातली रत्नागिरीची दुपार. खिडक्या लावलेल्या, पंखा बंद. पंख्याची घरघर लॅपटॉपमधून पलीकडे ऐकू जाते म्हणे.

"तिकडे हे असलं अंगावर घालून माणसं बसमध्ये चढतात?"

"तिकडे थंडी असते, आई."

"असते म्हणून काय गोधडी गुंडाळून फिरायचं?"

आर्या हसली नाही. ती लॅपटॉपखाली पुस्तकं सरकवून कॅमेरा वर-खाली करत होती. श्याम, तिचे वडील, प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, दारात चपला शोधत होते.

"मी फाटकावर बसतो," ते म्हणाले. "कोण आलं तर परस्पर वाटेला लावतो."

आर्या लंडनमध्ये फॅशनचं शिकली होती. शिक्षण संपल्यावर तिथं राहून काम शोधायची जी मुदत मिळते, ती तिने एका दुकानात स्वेटरांच्या घड्या घालण्यात आणि उरलेल्या वेळात अर्ज करण्यात घालवली. तुझं काम छान आहे, असं सगळे म्हणत. व्हिसासाठी तिच्यामागे उभं राहायची तयारी मात्र कुणाची नसे. मुदत संपली आणि जानेवारीत ती परत आली. कुणी विचारलं तर लीला "सुट्टीवर आलीय" म्हणून सांगे. सुट्टी लांबत गेली तसं लोकांनी विचारणं सोडलं.

आणि आता कोट बनवणाऱ्या लंडनमधल्याच एका लहानशा कंपनीने तिला विचारलं होतं. चित्रावरून कापड बेतणारं माणूस त्यांना हवं होतं. त्यांनी कोटाचं चित्र पाठवलं, कापड पाठवलं. कोट शिवायचा, जित्याजागत्या माणसाच्या अंगावर चढवायचा आणि व्हिडिओवर दाखवायचा. पसंत पडला तर नोकरी, आणि व्हिसाचं सगळं कंपनी बघणार.

"ही शेवटची," आर्या परवा मैत्रिणीला फोनवर सांगत होती. "हे नाही म्हणाले तर मारुती मंदिराकडे बुटीकमध्ये नवरीमुलींचे ब्लाउज बेतत बसायचं." लीलाने ते स्वयंपाकघरातून ऐकलं होतं. तिन्हीसांजेला देवापुढे हात जोडले तेव्हा नेमकं काय मागावं हे तिला सुचेना. पोरगी जाऊ दे म्हणवेना, राहू दे म्हणायला जीभ उचलेना. शेवटी काहीच न मागता तिने वात पुढे सारली आणि ती कुकर लावायला गेली.

त्यात हा खांदा. लीला देवरूखच्या आतल्या वाड्यांमध्ये आरोग्यसेविका होती. बर्फ घातलेला लसींचा डबा तिने नोकरीभर डाव्या खांद्याला अडकवला, कारण उजव्या हातात छत्री नाहीतर काठी असे. चढणी चढता-उतरता तो खांदा जो खाली आला, तो निवृत्त झाल्यावरही वर गेला नाही. पदर तिकडून घसरायचा म्हणून ती आतून दोन पिना लावी. फोटोत उजवी बाजू पुढे करी. घरात यावर कधी बोलणं झालं नव्हतं, आणि कुणाच्या ते लक्षात आलंय असं तिला वाटतही नव्हतं. आज मात्र कोट वाकडा दिसला तर तो पोरीच्या हाताचा दोष ठरणार होता. स्क्रीन उजळली तशी तिने मान ताठ केली आणि डावा खांदा उचलून उजव्याच्या बरोबरीला आणला.

समोर दोघं होती. पांढऱ्या केसांची एक बाई आणि चष्मेवाला तरुण. त्यांचं इंग्रजी लीलाला निम्मं कळत होतं. बाईंनी वळायला सांगितलं, ती वळली. चालायला सांगितलं, ती टीव्हीपर्यंत चालून आली. पाठीवरून घामाचा ओघळ कमरेपर्यंत गेला. खांद्याला रग लागली, तरी तिने तो खाली येऊ दिला नाही.

तेवढ्यात फाटकावरून आवाज आला. मिरकरवाड्याहून मासे आणणारी सोनूबाई.

"काय वो गुरजी, दारा-खिडक्या लावून बसलाव ते?"

"हळू बोल, बाई. आत परीक्षा चाललीय."

"कोनाची? लीलातायची? आता ह्या वयात?"

"बांगडे दे आणि गप्प बस."

"किती देऊ?"

"सगळे दे!"

चष्मेवाल्याला शब्द कळले नसतील, पण तो हसला. बाई हसल्या नाहीत. त्या स्क्रीनजवळ वाकून कोटाकडे पाहत होत्या. त्यांनी बोट दाखवलं. मानेपासून डाव्या काखेपर्यंत कापडाला एक जाड वळी पडली होती. ही का, असं त्यांनी विचारलं.

आर्याचा चेहरा उतरला. तिने काहीतरी उत्तर दिलं, अर्ध्यावर थांबली. आपण बिघडवलं, लीलाला वाटलं. आणि त्याच्या मागोमाग दुसरा विचार आला, त्याची तिला जास्त भीती वाटली. आपल्याला हे बिघडायलाच तर हवं नव्हतं ना?

"आई," आर्या मराठीत म्हणाली, "खांदा उचलून धरलायस?"

"मग? सरळ दिसायला नको?"

"सोड तो."

"अगो, वाकडं दिसेल. ती बाई बघतेय."

"बघू दे. मी कोट तुझ्या खांद्याच्या मापानेच कापलाय. तुझा जुना ब्लाउज उसवून बघितला मी. सोड."

लीलाने खांदा सोडला. कोट जरासा हलला आणि अंगावर बसला. वळी गेली. मान, बाही, पाठ, सगळं आपापल्या जागी आलं. लीलाला तो एकदम हलका वाटला.

पलीकडून बाईंनी विचारलं, नेहमीच्या मापाचा का नाही केला?

"नेहमीच्या मापाचं इथं कुणी नव्हतं," आर्या म्हणाली. "ही होती."

मग ती बराच वेळ बोलत राहिली. लीलाला मधले मधले शब्द लागत होते. लस. डोंगर. पाऊस. चालत. आपण कधी बोललो नाही ते पोरीला ठाऊक होतं, आणि ती ते परक्या माणसांना सांगत होती, नजर खाली न घालता. बाई आता कोटाकडे नाही, लीलाकडे पाहत होत्या.

शेवटी त्या जे म्हणाल्या ते लीलाला पुरतं कळलं. येताना कोट घेऊन ये. त्यातलं 'येताना' आर्याच्या आधी तिला ऐकू आलं.

लॅपटॉप मिटला. आर्याने पंखा लावला, खिडक्या उघडल्या आणि तिथंच जमिनीवर बसून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. श्याम बांगड्यांची पिशवी घेऊन आत आले.

"झालं?"

"झालं," लीला म्हणाली. "जातेय ती."

"बरं झालं," ते म्हणाले. मग पिशवीकडे बघत, "एवढे कोण खाणार गो?"

"आहे तोवर ती खाईल."

ते पिशवी घेऊन मागच्या पडवीत गेले. आर्याने डोळे पुसले आणि आईच्या अंगातला कोट उतरवला.

"हा तिकडे कोण घालणार?" लीलाने विचारलं.

"कुणीच नाही. तिथं कपडे चढवून बघायच्या डमीवर राहील. कापडाने भरून तिचा खांदाही तुझ्यासारखा करायचा म्हणतायत. त्याला तुझी सगळी मापं लागतील. आत्ताच घेते."

"घे की."

या घरात कुणी कुणाला जवळ घेत नसे. आर्या पहिल्यांदा निघाली तेव्हा विमानतळावर लीलाने तिच्या बॅगेची चेन नीट लागलीय की नाही, एवढंच पाहिलं होतं. आता छातीचं माप घ्यायला आर्याला दोन्ही हात आईभोवती टाकावे लागले. टेप पाठीमागून फिरून पुढे आली. टोकं जुळवून आकडा बघायला ती वाकली आणि तिचं कपाळ आईच्या गळ्याशी टेकलं. ते तिथंच राहिलं. आकडा वाचायला एवढा वेळ लागत नाही, हे लीलालाही कळत होतं.

"घाई नाही," ती म्हणाली. "नीट घे."