शब्दानंद महाराज आणि सोनाजीचा मुका व्हिडिओ

गुरुवारी सकाळी नऊलाच बिडकीनजवळच्या त्या पत्र्याच्या मठासमोर चपलांचा ढीग लागला होता. आत शंभर-दीडशे माणसं मांडी घालून बसलेली, आणि पुढं पाटावर, उदबत्त्यांच्या धुरात, एक लाल पेनड्राइव्ह. त्याला काळा दोरा, वर हळदकुंकू. शब्दानंद महाराज त्याच्यावर अंगारा फुंकत होते.

"आवाज म्हंजी काय?" महाराजांनी विचारलं.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, मला उत्तर येत होतं. पण मला कुणी विचारत नव्हतं.

"आवाज म्हंजी वायू! वायू म्हंजी प्राण! माणूस गेला, प्राण गेला, पण शब्द ऱ्हायला मधीच लटकून. त्याला खाली उतरवायला अधिकार लागतो. सोमनाथ, लाव!"

सोमनाथ हा महाराजांचा शिष्य. त्यानं पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला, स्पीकरची वायर खोचली, आणि दोन महिन्यांपूर्वी वारलेल्या सोनाजीचा आवाज मठभर घुमला, "अजिनाथ, पोरा, सुखानं संसार कर. भांडण झालं तरी ताटावरून उठू नको..."

तेवढ्यात महाराजांचा हात वर गेला. सोमनाथनं व्हिडिओ थांबवला.

"बास. आत्म्याला दम लागतो. बाकीचं फुडच्या गुरुवारी."

बाया रडायला लागल्या. सोनाजीच्या बायकोनं, राजाबाईनं, पाटावर डोकं टेकवलं. खरं सांगतो, माझ्याही अंगावर काटा आला. कारण हाच व्हिडिओ मी त्यांच्या घरी पाहिला होता, आणि तिथं सोनाजी मुका होता.

सोनाजी आमच्या गावचा. आधी मेंढरं राखायचा, पुढं शेळ्या ठेवून कारखान्यात मजुरीला जायला लागला. मे महिन्यात त्याच्या पोराचं, अजिनाथचं लग्न झालं. मांडवात सोनाजीनं माइक धरून चार शब्द बोलून घेतले. जुलैत छातीत कळ आली आणि तो गेला. लग्नाचं शूटिंग पेनड्राइव्हवर आलं ते त्यानंतर.

त्यात चार व्हिडिओ होते. हळद, वरात आणि पंगत हे तीन दणक्यात वाजले. चौथा सोनाजीच्या भाषणाचा. त्यात ओठ हलत होते, हात जोडले जात होते, पण शब्द एक नाही. टीव्हीवर नाही, अजिनाथच्या मोबाईलवर नाही, माझ्याही मोबाईलवर नाही. टीव्हीवर खाली इंग्रजीत एक ओळ येऊन गेली. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही. मी तरी कुठं पाहिलं?

मेलेल्या माणसाचाच तेवढा आवाज गेला म्हटल्यावर कुणीतरी मठाची वाट दाखवली. महिनाभर दर गुरुवारी मठात आवाज यायचा, घरी आणला की पुन्हा गप्प. महाराजांनी डोळे मिटून कारण सांगितलं, "घरात एक बाई हाये. नवरा खाऊन बसलेली. तिनं शब्द बांधलाय. अमावास्येच्या आत तिला भाईर काढा."

अशी बाई घरात एकच होती. राजाबाईची धाकटी जाऊ, सरूबाई. पंचवीस वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला, मूलबाळ नाही, तेव्हापासून ती त्या घरच्या शेळ्या राखते. आता तिला चुलीपाशी येऊ देत नव्हते. ताट गोठ्यात सरकवत होते.

त्या गुरुवारी मठातून परत येताना मी गोठ्यात डोकावलो. सरूबाई शेळीला पाला घालत होती.

"गुरुजी, मी खरंच काय केलं आसंल का वो?" तिनं मला विचारलं. "नकळत?"

त्या प्रश्नानं माझी झोप उडाली. तिला स्वतःवरच संशय यायला लागला होता. मी घरात गेलो, अजिनाथला व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला, आणि यावेळी ती इंग्रजी ओळ वाचली. लिहिलं होतं, या ध्वनीचा प्रकार या टीव्हीवर चालत नाही. सगळी करणी एका ओळीत लिहून ठेवली होती, आणि विज्ञानाचे गुरुजी महिनाभर मठात अंगारा हुंगत होते!

शूटिंग शहरातल्या औरंगपुऱ्याच्या दिपालीनं केलं होतं. माझीच विद्यार्थिनी. तिला फोन लावला. आवाजाचं आणि सरूबाईचं सगळं सांगितलं.

"सर, चूक माझीय," ती म्हणाली. "बाकीचे तीन मी नेहमीसारखे केले. पण सोनाजीबाबा गेल्याचं कळलं, म्हटलं त्यांची आठवण सगळ्यात भारी करावी. म्हणून त्या एकाचा आवाज थिएटरवाल्या प्रकारात सेव्ह केला, एसी-थ्री, सहा स्पीकरवाला. माझ्या कॉम्प्युटरवर झकास वाजला. त्यांच्या घरी तो कशावर वाजणार, हे मी विचारलंच नाही."

"मग मठात कसा वाजतो?"

"लॅपटॉपवर सगळं वाजवणारा प्लेअर असंल. फुकट मिळतो. मी येते सर. पण आधी सरूमावशीची एक शेळी पाहिजे मला."

पुढच्या गुरुवारी दिपाली स्कूटीवरून लॅपटॉप घेऊन मठात हजर झाली. महाराजांचा वायू-प्राण झाल्यावर तिनं हात जोडले.

"महाराज, अजून एका जिवाचा आवाज गेलाय. बघता का?"

तिनं एक व्हिडिओ अजिनाथच्या मोबाईलवर लावून पुढं धरला. त्यात एक काळी शेळी तोंड वासून ओरडत होती. आवाज शून्य.

महाराजांनी मोबाईलवर हात ठेवला, डोळे मिटले. "अरारा! हिचा बी शब्द बांधला. त्याच बाईचं काम!"

"हिचा आत्मा कुठंय म्हणायचा?"

"भटकतोय. मरून तीन दिस झाले आसतील."

"बें!" दारातून आवाज आला.

सरूबाई दावं धरून उभी होती, आणि तीच काळी शेळी मठाच्या तोरणाची आंब्याची पानं ओढत होती. मागं बसलेले आमच्या गावचे म्हातारे कडुबा आजोबा आणि त्यांची मंडळी आधी खुसखुसली, मग सगळा मठ हसला. महाराजांनी ही शेळी दुसरी असल्याचं सांगून पाहिलं, पण तिचा तुटका कान गावात सगळ्यांच्या ओळखीचा होता.

"हा व्हिडिओ मी परवाच काढलाय," दिपाली म्हणाली. "सोनाजीबाबांचा आवाज ज्या प्रकारात ठेवला, त्याच प्रकारात हिचा ठेवला. म्हणून मोबाईलवर ही पण मुकी."

"पर आवाज हाये तर ऐकू कामून येत नाय?" कडुबा आजोबांनी विचारलं.

"आजोबा, तुमच्या जमिनीचे निजामाच्या काळातले कागद उर्दूत हायेत ना?"

"व्हय."

"तुम्हाला वाचता येतात?"

"मला कुठलं! शहरात एका मुन्शीकडून वाचून आणावं लागतं."

"मग कागद कोरा हाये का? नाय. लिहिलेलं सगळं हाये, फक्त वाचणारा पाहिजे. मोबाईलला ही लिपी येत नाय, सोमनाथदादांच्या लॅपटॉपला येते. आता मी तेच बोलणं मोबाईलच्या लिपीत लिहिते. तिला एएसी म्हणतात. चित्राला हात लावत नाय, फक्त आवाज बदलते."

तिनं सगळ्यांसमोर चार बटणं दाबली. चहा गाळायला लागतो त्याहून कमी वेळ गेला. शेळीचा व्हिडिओ अजिनाथच्या मोबाईलवर गेला आणि मोबाईल खणखणीत ओरडला. दारातल्या शेळीनं त्याला उत्तरही दिलं.

मी सोमनाथकडे पाहिलं. "तू मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात होतास ना? तुला ठाऊक नव्हतं?"

सोमनाथनं मान खाली घातली. "ठाव होतं गुरुजी. पयल्या दिवशीच."

मी जादूटोणाविरोधी कायद्याचं नाव काढलं. तेव्हा महाराजांना एकदम मौनव्रत आठवलं. वायू आणि प्राण दोन्ही आवरून ते आतल्या खोलीत गेले, ते बाहेर आलेच नाहीत. चौकीत अर्ज मी दुसऱ्या दिवशी दिला.

मग दिपालीनं सोनाजीच्या व्हिडिओचा आवाजही तसाच बदलून तो अजिनाथच्या मोबाईलवर घातला. या वेळी मधे थांबवायला कुणी नव्हतं. ताटावरून न उठण्याचं झालं, नातेवाइकांचे आभार झाले, आणि मग सोनाजी म्हणाला, "सूनबाई, राजा तुझी सासू, तशी सरू बी तुझी सासू. दोघीला सारखा मान पाहिजे." मग माइक तसाच हातात धरून तो बाजूला वळला. "सरू, जेवलीस का गं? हिला आधी वाढा रे. सकाळपासून उपाशी हाये."

दारात सरूबाईनं तोंडाला पदर लावला. राजाबाई उठली. माणसांच्या मधून वाट काढत तिच्यापाशी गेली. तिनं शेळीचं दावं सरूच्या हातातून आपल्या हातात घेतलं.

"चल घरी," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

सरूबाई लगेच हलली नाही. आधी शेळीच्या तोंडातली तोरणाची पानं काढून टाकली, मग निघाली. एवढं सगळं एका माफीत भरून निघत नाही, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं.

दिपाली आता प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारते, "व्हिडिओ कशावर बघणार?" घरोघरच्या मोबाईलसाठी साधा, दोन स्पीकरचा एएसी आवाजच ती देते, आणि फाईल हातात देण्यापूर्वी एका स्वस्तातल्या फोनवर वाजवून बघते.

तुम्हालाही माझं एवढंच मागणं आहे. एखादी गोष्ट कळली नाही, तर ती कळलेली नाही एवढंच म्हणा. समोर लिहिलेलं असेल ते वाचा. नाही उमगलं, तर ज्यानं ती वस्तू बनवली त्याला फोन करा. लाजू नका, मीही महिनाभर उशीर केला. आणि कुणी डोळे मिटून तुमच्याच घरातल्या बाईकडे बोट दाखवलं, तर त्याला आधी डोळे उघडायला सांगा आणि पुरावा मागा.