मी खाली पडले की टाळ्या वाजायच्या

मी एक जाळी आहे. मासे धरायची नव्हे, आणि डासांसाठीची तर नव्हेच. शर्यतीच्या गाडीच्या खिडकीत बसते ती जाळी बोलतेय मी. काळ्या नायलॉनच्या बोटभर रुंद पट्ट्या उभ्याआडव्या शिवून मला केलंय. आता कडेला उसवलेय, रंग विटून राखाडी पडलाय, पण स्वभाव तोच, चुळबुळा. ताशी दीडशे मैलांच्या वाऱ्यात तेरा वर्षं फडफडल्यावर कुणाला स्वस्थ बसवतं?

माझ्या गाडीला उघडणारं दारच नव्हतं. ते कायमचं जोडून टाकलेलं. ड्रायव्हर खिडकीतून आधी पाय घालून आत उतरायचा, पट्टे आवळून घ्यायचा, आणि मग मला वर ओढून खटक्यात अडकवायचे. गाडी उलटली तर त्याचा हात किंवा डोकं बाहेर जाऊ नये, यासाठी मी. पण माझं खरं काम दुसरंच होतं. गाडी आपटून थांबली की ड्रायव्हरने स्वतः खटका दाबून मला खाली पाडायचं. मी पडले म्हणजे तो धडधाकट आहे. मग अँब्युलन्सवाले धावायचे थांबून चालत यायचे, हजारो लोक टाळ्या वाजवायचे, आणि गर्दीत बसलेली एक बाई दुर्बीण खाली ठेवायची. मी नाही पडले, तर सगळे जिवाच्या आकांताने पळत सुटायचे.

माझा जन्म उत्तर कॅरोलायनातल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मिस क्लीओ नावाच्या म्हाताऱ्या बाई तिथे गाड्यांचे पट्टे शिवायच्या. जिथे दोन पट्ट्या एकमेकींवर येतात तिथे चौकोनी टाका आणि मध्ये फुली, असं त्यांचं काम. हात आखडलेले, पण टाका सरळ. मला पुरी करून त्यांनी गुडघ्यावर ताणून पाहिलं आणि पेटीत टाकलं. एवढंच माझं बाळपण.

मला विकत घेतलं हार्लन टीगने. वय सव्वीस, आठवडाभर लाकडाच्या गिरणीत फळ्या कापायचा आणि शनिवारी तांबड्या मातीच्या ट्रॅकवर गाडी पळवायचा. उंच, हाडकुळा आणि एका जागी न टिकणारा. शर्यत सुरू व्हायच्या आधी पाद्री प्रार्थना करत असायचा, सगळे टोप्या काढून उभे, आणि हा आत बसून डाव्या हाताच्या बोटांनी माझ्यावर ताल धरायचा. आमेन कधी एकदा म्हणतात असं व्हायचं त्याला. मलाही व्हायचं, खोटं कशाला बोलू?

त्याची गाडी बांधायचा त्याचा मेहुणा, ओडेल. बायकोचा सख्खा भाऊ. शर्यतीत तोच उंच मचाणावरून रेडिओवर हार्लनच्या कानात बोलायचा. आत कोण घुसतंय, मागे कोण चिकटलाय, सगळं. ओडेल देवाला जेवढा भ्यायचा तेवढाच भुईमुगाच्या शेंगांना. गाडीजवळ टरफल दिसलं तरी अपशकुन. एकदा पांढऱ्या सुटातला एक जाडा गृहस्थ शेंगा फोडत आमच्या गाडीपाशी आला.

"ओ साहेब! शेंगा खायच्या तर घरी जाऊन खा! इथं माणूस मारताय का आमचा?" ओडेल ओरडला.

ते निघाले कॉजबी, पिठाच्या गिरणीचे मालक. हार्लनच्या गाडीवर आपलं नाव रंगवावं की नाही हे बघायला आलेले. त्यांनी निमूटपणे पुडी खिशात घातली आणि म्हणाले, "जो माणूस गिऱ्हाइकावर ओरडतो, तो गाडीची काळजी घेत असणार." पुढच्या वर्षी आमच्या दारांवर पिठाची गोणी रंगवलेली होती. लाकडाची गिरणी सुटली, आणि आम्ही दर रविवारी मोठ्या डांबरी ट्रॅकवर पळू लागलो.

गाड्या बदलल्या, पण हार्लनने मला बदललं नाही. पहिल्या मोठ्या अपघातात मी त्याचा हात आत ठेवला होता, तेव्हापासून मीच हवी असायची. प्रत्येक धडकेनंतर मी थोडी फाटायचे आणि तो मला घरी न्यायचा. व्हर्लीन, त्याची बायको, पूर्वी मोज्यांच्या गिरणीत होती. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मला पसरून जाड सुईने ती मला शिवायची. शेजारी घेवडा शिजत असायचा, ओव्हनमध्ये मक्याचा पाव. तीच ती दुर्बीणवाली बाई. चौथ्या वळणाच्या समोर तिची जागा ठरलेली.

"मला गाडी दिसत नाही," ती एकदा ओडेलला म्हणाली, मला शिवता शिवता. "धूर झाला की मी फक्त हिला शोधते. ही पडली की मग श्वास घेते."

माझा ऊर भरून आला होता तेव्हा. अख्ख्या गाडीत तिचा विश्वास माझ्यावर! त्या वर्षी आम्ही चार शर्यती जिंकलो. हार्लनचं चित्र पिठाच्या पुड्यांवर छापून आलं. पण एक जिंकली की त्याला लगेच दुसरी हवी असायची. करंडक हातात असतानाही तो ओडेलला पुढच्या रविवारचे टायर विचारायचा.

आणि मग ती दुपार आली. चौथ्या वळणावर मागच्याने निसटता धक्का दिला, गाडी फिरली आणि भिंतीवर आदळली. सगळं शांत झालं. हार्लनचं डोकं माझ्यावर टेकलेलं होतं. हेल्मेटचं ओझं मला कळत होतं, त्याखालचा माणूस मात्र कुठेतरी गेलेला. रेडिओवर ओडेल हाका मारत होता.

"हार्लन! हार्लन, जाळी टाक! व्हर्लीन बघतेय रे!"

किती वेळ गेला कोण जाणे. मग त्याची बोटं हलली. माणूस अजून पुरता परत आला नव्हता, पण बोटांना सवय होती. खटका दाबला गेला आणि मी पडले. टाळ्यांचा कडकडाट झाला. ट्रॅकवरच्या डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बॅटरी मारली, दोन प्रश्न विचारले आणि सोडून दिलं. स्वतःच्या पायांनी चालणाऱ्या माणसाला कोण अडवतं?

गाड्या वाहून नेणाऱ्या ट्रकच्या मागे तो भडभडा ओकला. मग ओडेलला विचारलं, "आपण कुठल्या ट्रॅकवर आहोत?" ओडेलने सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा ओडेलचा चेहरा पडला.

"ताईला सांगायचं का?" ओडेल म्हणाला.

"कशाला? जाळी टाकली ना मी?"

"टाकलीस."

"मग झालं तर. एक रविवार घरी बसलो तर माझ्या सीटवर दुसरा बसेल, आणि मग तोच बसेल."

ओडेल वळून गाडी ट्रकमध्ये चढवायला लागला. त्या दिवसापासून मी खोटी झाले.

उन्हाळ्यात पुन्हा आपटलो. शरद ऋतूत आणखी एकदा. दोन्ही वेळा त्याला घेरी आलेली, आणि दोन्ही वेळा मी पडले. टाळ्या वाजल्या. घरी मला शिवताना व्हर्लीन विचारायची, "डोकं आपटलं का?" तो म्हणायचा, "जाळी टाकली की नाही? बघितलंस ना?" तिने तर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं. सुई माझ्यातून आरपार जायची, आणि मला वाटायचं, टोच बाई, आणखी टोच. माझी तीच लायकी आहे.

त्याचं सगळंच बिघडत चाललं. उजेड डोळ्यांत खुपायचा म्हणून घरात दिवसा पडदे ओढायचा. बारीक आवाजावर खेकसायचा. एकदा जेवणाच्या टेबलावर नऊ वर्षांच्या लेकीला, टॅन्सीला, त्याने कुत्र्याच्या नावाने हाक मारली. ती खदखदा हसली. "बाबा, परत म्हणा ना!" तिला वाटलं, गंमत करतायत. त्याच्या तोंडावर घाम फुटला होता. शर्यतीत तो बोटांनी ताल धरायचा, तोही आता चुकायला लागला. सरळ रस्त्यावर त्याला एका भिंतीच्या दोन भिंती दिसायच्या, आणि यातली खरी कुठली याचा तो अंदाज बांधायचा. मला थांबवता येत नव्हतं. मी जाळी. मी फडफडत राहिले.

वसंतातली शर्यत घराजवळच्या ट्रॅकवर होती. चर्च सुटल्यावर अख्खा परगणा तिथे आलेला. सत्तराव्या फेरीला त्याने चुकीची भिंत खरी धरली.

या वेळी तो बेशुद्ध पडला नाही. धूर होता, रबराचा वास होता, आणि तो टक्क जागा होता. डावा हात वर आला. बोट खटक्यावर टेकलं.

"टाक जाळी, भावा," रेडिओवर ओडेल. "फार काही नाही झालेलं. टाक आणि बाहेर ये."

बोट तसंच राहिलं. त्याला सगळं ठाऊक होतं. मला पाडलं तर पुढच्या रविवारी तो पुन्हा गाडीत असणार. नाही पाडलं तर माणसं धावत येणार, इस्पितळात नेणार, डोक्याचे फोटो काढणार, आणि मग ही सीट, ही गाडी, पुड्यांवरचं चित्र, सगळं संपणार. देवा, मी मनात म्हणत होते, याला मला पाडू देऊ नकोस रे.

"हार्लन? ऐकतोयस ना? ती उभी राहिलीये. दुर्बीण लावून उभी आहे."

"म्हणूनच," हार्लन म्हणाला. त्याने हात खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. "ओडेल, मी बरा नाहीये. बरेच दिवस नाहीये. ये, मला बाहेर काढ."

अँब्युलन्सवाले पळत सुटले. या वेळी टाळ्या नव्हत्या. मला त्यांनी बाहेरून ओढून काढलं, तेव्हा माझी एक कड टरकन फाटली. व्हर्लीन कुंपणापर्यंत पोचली होती. स्ट्रेचर तिच्यासमोर थांबलं.

"जिवंत आहेस ना?"

"आहे."

"मग जाळी का नाही टाकलीस? जीव गेला ना माझा!"

"बरा नव्हतो, व्हर्ली. मागच्या तीनही वेळा नव्हतो. तरी टाकली."

तिने त्याचा हात धरला. रडली नाही. मागून ओडेल धापा टाकत आला तशी ती वळली. "तुला माहीत होतं?"

ओडेलने मान खाली घातली.

"माझा भाऊ ना तू?" ती म्हणाली. "जा. माझ्या डोळ्यांसमोर उभा राहू नकोस."

डॉक्टरांनी गाडी कायमची बंद केली. शर्यतीचीच नव्हे, घरचीसुद्धा. ओडेलला वर्षभर त्या घरात पाऊल टाकता आलं नाही. मला मात्र व्हर्लीनने फेकलं नाही, आणि शिवलंही नाही.

आता दर वसंतात, त्या घराजवळच्या ट्रॅकवर, शर्यतीआधी ड्रायव्हरांची बैठक भरते तिथे आम्ही जातो. आम्ही म्हणजे हार्लन, व्हर्लीन आणि मी. कोवळी कोवळी माणसं असतात, गुडघे हलवत बसलेली, कधी एकदा गाडीत उतरतो अशी. हार्लन मला दोन्ही हातांनी धरून उभा राहतो.

"ही माझी जाळी," परवा त्याने सुरुवात केली. "हिच्या आधाराने मी माझ्या बायकोशी तीन वेळा... तीन वेळा मी..."

आणि तो थांबला. शब्द गेला. तो माझ्याकडे बघत राहिला, जणू मी त्याला सांगेन. मला सगळं पाठ होतं, आणि तोंड नव्हतं. एक जण खुदकन हसला. बाकीचे बुटांकडे बघू लागले.

व्हर्लीन उठली आणि तिने मला त्याच्या हातातून हळूच घेतलं.

"त्याची वाक्यं आता अशी अर्धीच राहतात," ती म्हणाली. "तोही जाळी टाकून, टाळ्या घेऊन, चालत बाहेर यायचा. बसा. राहिलेलं मी सांगते."

मघाशी हसलेल्या माणसाचा गुडघा हलायचा थांबला.

पोरांनो, माझंही तेवढंच मागणं आहे. बरे असाल तर खुशाल पाडा आम्हाला, टाळ्या घ्या. नसाल तर हात मांडीवर ठेवा आणि माणसांना पळत येऊ द्या. वर कुणीतरी दुर्बीण लावून उभं असतं, आणि आम्ही सांगू ते तिला खरं वाटतं.